बीपीची गोळी सोडू नका

(तालुक्याच्या कार्यकर्ता शिबिरात दुपारच्या सत्रात केलेलं भाषण. बऱ्याच पाड्यांवरून मागणी आली म्हणून लिहून काढलं आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना पाड्यावर बसून वाचून दाखवा.)





सकाळी दाव्यांवर बोलणं झालं. जीपीएस मोजणी, नकाशे, प्रांत ऑफिसात अडकलेल्या फायली, सगळं झालं. आता मला बीपीच्या गोळीवर बोलायला सांगितलंय. मागे काही पोरं हसली. म्हणाली, जमिनीच्या शिबिरात गोळीचं काय काम? मी पण दोन वर्षांपूर्वी असंच हसले असते. म्हणून आधी माझ्या घरची गोष्ट सांगते.

माझा आजा आमच्या गावचा जाणता माणूस. आमच्या गावाची शीव कुठून कुठे जाते ते त्याला पायाने माहीत होतं. वाघदेवाचा दगड कुठे, जुना पाडा कुठे होता, कोणत्या उंबराखाली पाणी होतं, फॉरेस्टने कुठले प्लॉट कधी मोडले, सगळं त्याच्या डोक्यात. तुम्हाला ठाऊक आहे, वनहक्क कायद्याच्या नियम १३ मध्ये गावातल्या वडीलधाऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाब पुरावा म्हणून धरला आहे. आपल्याकडे कागद नाहीत. फॉरेस्टकडे कागद आहेत. आपला कागद म्हणजे आपली म्हातारी माणसं.

एकदा पाड्यावर आरोग्याचं शिबिर आलं. आजाचं बीपी मोजलं. १८० वर, ११० खाली. त्याला महिनाभराच्या गोळ्या दिल्या. आजा रोज घ्यायचा. महिना संपला. तेव्हा भाताची लावणी चालू होती, आणायला जायला कोणी मोकळं नव्हतं. आजा म्हणाला, "मना कायच होत नाय. डोकं दुखत नाय, चक्कर येत नाय. मंग गोळी कशाला?" आणि मी, बारावी शिकलेली, घरात एकटीच वाचता येणारी, मी म्हणाले, "बरं वाटतंय ना आजा, मग राहू दे. लावणी झाली की बघू."

लावणी झाली. कोणी बघितलं नाही. दिवाळीच्या आधी एका पहाटे आजा उठला तो एका बाजूने उठलाच नाही. तोंड वाकडं, उजवा हात लुळा, बोलणं गेलं. आम्हाला वाटलं वारं लागलं. दुपारपर्यंत घरीच ठेवला. दवाखान्यात नेला तोवर उशीर झाला होता.

आजा जगला. पण सामूहिक दाव्याच्या सुनावणीला आम्ही त्याला खाटेवर घेऊन गेलो तेव्हा साहेबाने विचारलं, "शीव कुठे?" आजाच्या डोळ्यांतून पाणी आलं. हात वर केला, पण शब्द फुटला नाही. आमचा दावा अजून पडून आहे. दुसऱ्या म्हाताऱ्यांचे जबाब आम्ही घेतले, पण आजाला जे माहीत होतं ते सगळं कोणालाच माहीत नाही.

म्हणून मी आज बोलते. दोष मी आजाला देत नाही. मला कोणी सांगितलंच नव्हतं की बरं वाटलं तरी गोळी बंद करायची नसते. तुम्हाला कोणी सांगितलं नाही असं होऊ नये. मी डॉक्टर नाही. पण आजा पडल्यापासून दवाखान्याच्या खेपा केल्या, नर्सबाईंना, डॉक्टरांना विचारून विचारून शिकले, तेच सांगते.

बीपी म्हणजे काय

बीपी म्हणजे नसांमध्ये रक्ताचा दाब. दाब सगळ्यांनाच असतो, नसला तर माणूस जगणार नाही. तो जास्त झाला की आजार.

भाताच्या खाचराचा बांध डोळ्यांपुढे आणा. श्रावणात पाणी चढलं की बांधावर दाब येतो. बांध लगेच फुटत नाही. बाहेरून बघाल तर बांध हिरवागार, गवत वाढलेलं. पण आतून माती सुटत जाते. मग एक रात्र अशी येते की जिथे कच्चा असतो तिथे बांध फुटतो. नसांचं तसंच आहे. मेंदूत फुटली किंवा तुंबली तर लकवा. हृदयात तुंबली तर झटका. मूत्रपिंडं हळूहळू खराब होतात, डोळे अधू होतात.

शहाणा शेतकरी बांधाला तोंड ठेवतो, जास्तीचं पाणी रोज थोडं थोडं निघून जातं. गोळी म्हणजे ते तोंड. एक दिवस ऊन पडलं म्हणून कोणी पावसाळ्यात तोंड बुजवतं का? आम्ही बुजवलं.

दोन आकडे असतात, वरचा आणि खालचा. १२० आणि ८० च्या आसपास असेल तर चांगलं. वरचा १४० किंवा त्याहून जास्त, नाहीतर खालचा ९० किंवा त्याहून जास्त, असं वेगवेगळ्या दिवशी मोजून पुन्हा पुन्हा आलं तर बीपीचा आजार धरतात. बहुतेकांना काहीच त्रास होत नाही, हे पाठ करा. डोकं दुखलं तरच बीपी, असं नाही. मोजल्याशिवाय कळत नाही. तीस वर्षांच्या पुढच्या सगळ्यांनी वर्षातून एकदा तरी मोजून घ्या.

आपल्यात म्हणतात, बीपी हा शेठ लोकांचा आजार, बसून खाणाऱ्यांचा, आम्ही राबतो, आम्हाला कसा होईल? माझा आजा आयुष्यभर राबला. अंगावर चरबी नव्हती. त्याला झाला. तंबाखू, दारू, खारट सुकट, कर्जाची आणि फॉरेस्टच्या नोटिशीची काळजी, वय, घराण्यातला दोष, यातलं काही ना काही आपल्याकडे पण आहेच.

मोजताना

आपण पाच-सहा किलोमीटर चालून दवाखान्यात जातो आणि गेल्या गेल्या हात पुढे करतो. तेव्हा आकडा जास्त येणारच. आधी पाच मिनिटं गप बसा, पाठ टेकून, पाय जमिनीवर. अर्धा तास आधी चहा नको, तंबाखू-बिडी नको. लघवीला लागली असेल तर आधी जाऊन या. बाही वर करा, कपड्यावरून पट्टा बांधू देऊ नका. हात टेबलावर ठेवा, छातीच्या उंचीला. मोजताना बोलू नका. आणि आकडा विचारून घ्या. "थोडा वाढलाय" हे उत्तर नाही. आकडा कागदावर लिहून मागा. सातबाऱ्याचा आकडा आपण मागतो ना, तसाच हा पण आपला आकडा.

गोळी घ्यायची कशी

आता मुख्य गोष्ट.

पहिली. गोळी रोज घ्यायची, ठरलेल्या वेळेला. सरकारी दवाखान्यात बहुतेकांना अम्लोडिपिन नावाची गोळी मिळते, ५ मिलिग्रॅमची, दिवसातून एकदा. ती जेवणाआधी घ्या नाहीतर नंतर, चालते. सकाळी किंवा रात्री, चालते. पण रोज एकच वेळ धरा. सकाळच्या चहाला जोडा, म्हणजे विसरणार नाही. लघवी वाढवणारी गोळी असेल, जशी क्लोर्थॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड, तर ती सकाळीच घ्या. नाहीतर रात्रभर उठावं लागेल, आणि अंधारात बाहेर जाताना म्हातारं माणूस पडेल.

दुसरी. लगेच फरक दिसत नाही. पुरता परिणाम दिसायला एक-दोन आठवडे लागतात. दोन दिवसांत उतरलं नाही म्हणून गोळी फेकू नका, डॉक्टर बदलू नका, दोन गोळ्या घेऊ नका.

तिसरी. विसरलात तर काय? त्याच दिवशी आठवली तर तेव्हाच घ्या. दुसऱ्या दिवशी आठवली तर कालची सोडून द्या, आजची एकच घ्या. राहिली म्हणून दोन एकदम कधीच घ्यायच्या नाहीत. बीपी एकदम खाली जाईल आणि बांधावरून पडाल.

चौथी. बरं वाटलं, आकडा चांगला आला, तरी गोळी चालू. आकडा चांगला आला तो गोळीमुळेच आला. बंद करायची, कमी करायची, ते डॉक्टर ठरवेल. काही गोळ्या, जशी अटेनोलॉल, एकदम बंद केल्या तर छातीत दुखू शकतं, झटका येऊ शकतो. गोळी अर्धी करून घेणं पण आपल्या मनाने करायचं नाही.

पाचवी. आपली गोळी दुसऱ्याला नाही, दुसऱ्याची आपल्याला नाही. आपण मीठ-मिरची वाटून खातो, गोळी पण वाटतो. "माझी दोन दे, बाजाराला गेलो की देतो." असं नको. एकाला चालते ती दुसऱ्याला चालत नाही. दमा असलेल्याला अटेनोलॉलने धाप लागू शकते. पोटुशी बाईला टेलमिसार्टन, लोसार्टन, एनलाप्रिल या गोळ्या चालतच नाहीत, पोटातल्या बाळाला धोका असतो. बीपीची गोळी चालू असताना दिवस गेले तर त्याच आठवड्यात नर्सबाईला सांगा, ती डॉक्टरकडून गोळी बदलून देईल. आणि गरोदरपणात डोकं फार दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तोंड-हात सुजले तर थांबू नका, लगेच दवाखाना.

सहावी. एकच औषध दोन नावांनी घेऊ नका. शेजारच्या पाड्यावरच्या एका मावशीचं असंच झालं. सरकारी दवाखान्यातून एक गोळी, बाजारातल्या खाजगी डॉक्टरकडून दुसरी. पाकिटं वेगळी, रंग वेगळा, मोठ्या अक्षरातलं नाव वेगळं. मावशी दोन्ही घ्यायची. विहिरीवर हंडा उचलताना चक्कर येऊन पडली, हात मोडला. मी पाकिटं वाचली तर दोन्हीवर बारीक अक्षरात औषध एकच, अम्लोडिपिन. म्हणून मोठ्या अक्षरातलं कंपनीचं नाव बघायचं नाही, बारीक अक्षरातलं औषधाचं नाव बघायचं. आणि कुठल्याही डॉक्टरकडे जाताना घरातली सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या, भगताने दिलेलं झाडपाल्याचं असलं तर ते पण. लाजायचं नाही.

भगताचं निघालं म्हणून सांगते. मी भगताच्या विरोधात बोलत नाही. त्याच्याकडे जा, देव करा. पण त्यासाठी गोळी सोडू नका. आमच्या पाड्याचा भगत आता स्वतः बीपीची गोळी घेतो आणि लोकांना सांगतो, "माझं मी बघतो, पण गोळी घे."

पाकीट सांभाळणं

गोळ्यांची नावं इंग्रजीत छापलेली असतात. आपण काय करायचं? शाळेत जाणारं पोर बसवा, पाकिटावर पेनने मराठीत लिहून घ्या : बीपी, सकाळी एक. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी सकाळला सूर्य काढा, रात्रीला चंद्र. घेतली की कॅलेंडरवर फुली मारा. कॅलेंडर नसेल तर भिंतीवर कोळशाने रेघ ओढा.

रंगावर भरवसा ठेवू नका. पुढच्या महिन्यात दुसऱ्या कंपनीची गोळी येते, रंग बदलतो, आकार बदलतो. बदल दिसला तर घेण्याआधी आशाताईला विचारा. पाकीट कापताना जिकडे नाव आणि मुदत छापली आहे ती बाजू शेवटपर्यंत ठेवा. मुदत संपलेली गोळी नको.

गोळ्या चुलीजवळ ठेवू नका, गळक्या कौलाखाली नको, उन्हात नको. झाकणाच्या डब्यात, पोरांचा हात पोहोचणार नाही असा उंच ठेवा. लहान पोराने बीपीची गोळी खाल्ली तर ते विषासारखंच धरा. पोर बरं दिसतंय म्हणून वाट बघू नका, पाकीट घेऊन त्याच वेळी दवाखाना गाठा.

त्रास झाला तर

गोळीने कधी कधी त्रास होतो, हे लपवायचं नाही. अम्लोडिपिनने घोट्याजवळ पाय सुजतात, डोकं दुखतं, तोंड गरम वाटतं. एनलाप्रिलने कोरडा खोकला लागतो, तो जातच नाही. बऱ्याच गोळ्यांनी सुरुवातीला एकदम उठलं की चक्कर येते. म्हणून खाटेवरून आधी उठून बसा, थोडं थांबा, मग उभे राहा. त्रास सहन होत नसेल तर घरी बसून गोळी बंद करू नका. जाऊन सांगा, गोळी बदलून मिळते. मात्र ओठ, जीभ, तोंड सुजलं, श्वास कोंडला तर ती गोळी पुन्हा घेऊ नका, लगेच दवाखान्यात जा.

दुखण्याच्या गोळ्यांचं पण ऐका. लावणीत कंबर जाते, आपण दुकानातून दुखण्याची लाल-पिवळी गोळी आणतो. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन अशा गोळ्यांनी बीपी वाढतं, आणि बीपीच्या काही गोळ्यांबरोबर मूत्रपिंडावर वाईट परिणाम होतो. बीपी आहे असं सांगून विचारा, पॅरासिटामॉल चालेल का ते विचारा.

आणि सलाइन. आपल्याकडे अंग दुखलं तरी सलाइन, अशक्त वाटलं तरी सलाइन. नुसत्या मिठाच्या सलाइनच्या ५०० मिलीच्या एका बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं. माणसाने दिवसभरात पाच ग्रॅमच्या आत मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे दिवसाचं मीठ आपण पैसे देऊन नसेतून घेतो. जुलाब-उलट्यांनी माणूस सुकला असेल तेव्हा सलाइन जीव वाचवतं, ते वेगळं. बीपीवाल्याला उगाच ताकद म्हणून सलाइन नको.

मीठ, मोह, तंबाखू

गोळी एकटी सगळं करत नाही. मीठ कमी करा, दिवसाला एका माणसाला एक छोटा चमचा, त्यात सगळं आलं. सुकट, बोंबील, लोणचं, पापड यात मीठ भरलेलं असतं. सुकट सोडा म्हणाले तर तुम्ही मला पाड्यावर येऊ देणार नाही. म्हणून असं करा, सुकट गरम पाण्यात दोनदा धुऊन घ्या आणि त्या कालवणात वरून मीठ घालू नका. तंबाखू, बिडी, मशेरी, हळूहळू नाही, बंदच करायला बघा. दारूने बीपी वाढतं, आणि गोळीवर दारू झाली की चक्कर येऊन माणूस पडतो.

लकवा ओळखा

हे पोरांनी पाठ करायचं. तोंड एका बाजूला वाकडं झालं का? दोन्ही हात वर करायला सांगा, एक खाली पडतो का? बोलणं बोबडं झालं का, शब्द लागत नाहीत का? यातलं एक जरी दिसलं तरी १०८ ला फोन. तोंडात पाणी, चहा, काही घालायचं नाही, घशात अडकतं. घाबरून जास्तीची बीपीची गोळी देऊ नका, जिभेखाली पण नको. कुशीवर झोपवा. आणि वेळ बघून ठेवा, कधी सुरू झालं. गुठळी अडकून लकवा झाला असेल तर ती विरघळवायचं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी डोक्याचा सीटी स्कॅन लागतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात ते होत नाही. म्हणून आजच विचारून ठेवा, आपल्याला जवळचा सीटी स्कॅन कुठे आहे, रेंज कुठे येते, पाड्यावर गाडी कोणाकडे आहे, झोळी करून रस्त्यापर्यंत नेणारे चार जण कोण. आम्ही हे आधी ठरवलं असतं तर आजाची दुपार घरी गेली नसती.

मोर्चा, उपोषण, वीटभट्टी

पुढच्या महिन्यात आपला मोर्चा आहे. उन्हात चालायचं आहे. ज्यांना गोळी चालू आहे त्यांनी जितके दिवस मोर्चा, त्याहून दोन दिवसांच्या जास्त गोळ्या घ्या. त्या आपल्या अंगावरच्या पिशवीत ठेवा, टेम्पोत टाकू नका. डॉक्टरच्या कागदाची झेरॉक्स खिशात ठेवा. पाणी पीत राहा. लघवीची गोळी असलेल्यांनी निघण्याआधी डॉक्टरला विचारा की उन्हात चालताना काय करायचं. वाटेत जुलाब-उलट्या झाल्या तर ओआरएस घ्या आणि त्याच दिवशी मोर्चाबरोबरच्या आरोग्य गटाला सांगा, काही गोळ्या अशा वेळी डॉक्टर थोडे दिवस थांबवतात.

उपोषणाला बीपी-शुगरच्या गोळीवाल्यांनी बसू नका. घोषणा द्या, ढोल वाजवा, पण उपाशी बसायचं काम तरण्यांचं.

अटक झाली तर पहिल्यांदा सांगा, मला बीपीची गोळी चालू आहे, आणि ते लिहून घ्यायला लावा. डी. के. बासू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की कोठडीत असलेल्याची दर ४८ तासांनी डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे.

वीटभट्टीवर, रेतीवर, गवत कापायला जाणाऱ्यांनी निघण्याआधी उपकेंद्रात जाऊन सांगा की आम्ही इतके महिने बाहेर आहोत, जास्तीच्या गोळ्या द्या. कागद बरोबर न्या, तिथल्या सरकारी दवाखान्यात दाखवा. शेठने सुट्टी दिली नाही म्हणून गोळी चुकली, असं होऊ देऊ नका. उचल घेतली म्हणून आपण जीव गहाण ठेवलेला नाही.

आपण काय मागायचं

आता सगळा दोष पेशंटवर टाकून चालणार नाही. माणूस दहा किलोमीटर चालून जातो आणि "गोळ्या संपल्यात, पुढच्या आठवड्यात या" ऐकून परत येतो. त्याचा रोज बुडतो. दोनदा असं झालं की तिसऱ्यांदा तो जात नाही. मग रजिस्टरला लिहितात, पेशंट आला नाही.

आदिवासी डोंगरी भागात ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र आणि २०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असं सरकारचंच प्रमाण आहे. आपल्या गावची लोकसंख्या मोजा आणि हिशेब मागा. जागा नाही म्हणाले तर वनहक्क कायद्याचं कलम ३(२) दाखवा. दवाखान्यासाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने देता येते, असं तिथे लिहिलंय. पेसा गावांना जो पाच टक्के निधी थेट येतो, त्यातून आरोग्यावर खर्च करता येतो. ग्रामसभेत ठराव करून बीपी मोजायचं मशीन घ्या, आणि ते पाड्यावर राहू द्या, सरपंचाच्या कपाटात नको.

गोळ्या संपल्या म्हणाले तर लेखी मागा, आणि तोवर गोळी बंद ठेवू नका. कागद दाखवून जनऔषधी दुकानातून किंवा मेडिकलमधून औषधाच्या नावाने स्वस्तातली मागा. पैसे नसतील तर पाड्याच्या समितीला सांगा.

विचारलेले प्रश्न

*एका काकांनी विचारलं : एकदा सुरू केली की गोळीची सवय लागते ना?*
दारूसारखी सवय नाही लागत. बीपीचा आजार बहुतेकांना कायम राहतो, म्हणून गोळी कायम राहते. आपण रोज भाकर खातो, त्याला सवय लागली म्हणतो का?

*एका मावशीने विचारलं : ज्या दिवशी मोजायला जायचं त्या दिवशी गोळी घ्यायची का?*
घ्यायची. गोळी घेऊन किती येतं तेच डॉक्टरला बघायचं असतं. रोजच्यासारखीच घ्या आणि किती वाजता घेतली ते सांगा.

*एका पोराने विचारलं : आजीचा आकडा आता १३० वर ८० आहे. मग तिचं बीपी गेलं का?*
गेलं नाही, ताब्यात आहे. दळी प्लॉट ताब्यात आहे म्हणून आपण कसायचं सोडतो का? सोडला की फॉरेस्ट घुसतंच.

*एका आजीने विचारलं : आता तुझा आजा कसा आहे?*
आजा आहे. एका हाताने काठी धरून अंगणात येतो. रोज सकाळी मी त्याला चहाबरोबर गोळी देते, आणि तो डाव्या हाताने भिंतीवर कोळशाची रेघ ओढतो. अजून बोलता येत नाही. पण मागच्या महिन्यात आम्ही त्याला झोळीत घालून शिवेवर फिरवला. जिथे जिथे त्याने काठी टेकली तिथे तिथे आम्ही जीपीएस घेतलं. काही खुणा मिळाल्या. सगळ्या नाही मिळाल्या.

तुमच्या घरी अजून बोलणारे आजे आहेत, आज्या आहेत. गावी गेल्यावर दोन कामं करा. त्यांचं बीपी मोजून घ्या. आणि त्यांच्याजवळ बसून शिवेची माहिती लिहून घ्या. दोन्हीला उशीर करू नका.

जिंदाबाद! जोहार!